आत्याचं पान

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी थोरलीनं पुन्हा शिकायला सुरुवात केली. त्यामुळे थोरलीचं एम.ए. कधी झालं असं कुणी विचारलं, तर घरात अजूनही साल सांगत नाहीत. धाकटीच्या लग्नानंतर दोन वर्षांनी, असंच सांगतात.

लग्न पार पडलं, पाहुणे आपापल्या वाटेला लागले आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. राहिली तीन माणसं: बाइंडर, त्याची थोरली मुलगी आणि त्याची मोठी बहीण. बहीण पोरींची आत्या, म्हणून घरात सगळेच तिला आत्या म्हणत. सख्खा भाऊसुद्धा.

बाइंडरचं उभं आयुष्य एका छापखान्यात पुस्तकं बांधण्यात गेलं होतं. वय झालं तसं छापखान्यानं त्याला घरी बसवलं. आता खिडकीखाली त्याचं एक लांब टेबल होतं. त्यावर कागद दाबायचा लोखंडी दाब, खळीचा डबा, जाड सुया, मेणाचा दोरा. ओळखीपाळखीचे लोक फाटकी पुस्तकं आणून द्यायचे आणि तो त्यांना नवे पुठ्ठे चढवायचा.

थोरली चाळिशीला टेकली होती. आई गेली तेव्हा तिचं कॉलेजचं पहिलं वर्ष चालू होतं. "पुढच्या वर्षी बघू," म्हणून तिनं ते सोडलं आणि धाकटीला वाढवायला घेतलं. ते पुढचं वर्ष यायला बरीच वर्षं लागली. चष्म्याच्या दुकानात नोकरी करता करता, बाहेरून परीक्षा देत देत तिनं कसंबसं बी.ए. पदरात पाडून घेतलं होतं.

पाहुण्यांच्या गाद्या गुंडाळून झाल्या त्या संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, मी एम.ए.ला अर्ज करतेय. मानसशास्त्राला."

"कसलं शास्त्र?" आत्यानं विचारलं. तिला ऐकू कमी यायचं, पण नको ते बरोबर ऐकू यायचं.

"मानसशास्त्र, आत्या."

"माणूसशास्त्र? ते कॉलेजात जाऊन शिकायचं? आल्यागेल्याशी दोन शब्द बोललं की येतं ते."

"मन, मन. मनाचं शास्त्र."

"म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं ओळखायचं. मग सांग बघू, माझ्या मनात आत्ता काय आहे?"

"चहा."

आत्या भावाकडे वळून म्हणाली, "घेतील रे हिला."

बाइंडरनं चहाचं आधण ठेवलं. छापखान्यात असताना विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध बांधायला यायचे. गडद रंगाचं कापड, त्यावर सोनेरी अक्षरं. ती अक्षरं त्यानं हजारो वेळा दाबून उमटवली होती; पण पन्नाशी उलटेपर्यंत त्याला ती वाचता येत नव्हती. समोर ठेवलेला नमुना बघून तो अक्षरांचे धातूचे खिळे जुळवायचा. पुढे थोरलीनंच त्याला याच टेबलावर अक्षरं शिकवली. वाचायला लागल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की त्या सोनेरी ओळीत शेवटी माणसाचं नाव असतं. तेव्हापासून त्याच्या मनात एकच गोष्ट होती. एकदा तरी त्या कापडावर आपल्या घरातलं नाव आपल्या हातानं उमटवायचं. त्यानं हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पोरीवर ओझं होईल म्हणून.

अर्ज गेला. लेखी परीक्षा झाली. मग मुलाखतीचं बोलावणं आलं. बाइंडर धुतलेला शर्ट घालून तिच्यासोबत गेला आणि कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर बसून राहिला. आजूबाजूला सगळी विशी-बाविशीची मुलं. एका मुलीनं त्याला अदबीनं विचारलं, "आजोबा, नातीसोबत आलात?" तो म्हणाला, "लेकीसोबत," आणि ताठ बसला.

थोरली बाहेर आली ती घाम पुसतच. फाटकापर्यंत भराभर चालत गेली.

"काय विचारलं?" शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"या वयात का, म्हणाले."

"मग?"

"मी म्हटलं, दुकानात माणूस येतो. मी त्याच्या डोळ्यांपुढे भिंग धरते आणि विचारते, दिसतंय का? तो म्हणतो, दिसतंय. अक्षर दिसत नसतं, तरी म्हणतो दिसतंय. मला वाईट वाटू नये म्हणून, किंवा स्वतःला कमीपणा नको म्हणून. माणूस असं का म्हणतो ते मला शिकायचंय."

"चांगलं सांगितलंस की."

"मग दुसऱ्या सरांनी एका सिद्धांताचं विचारलं. मी म्हटलं, वाचलाय, पण आत्ता आठवत नाही."

"असं सरळ सांगितलंस?"

"मग काय, दिसतंय म्हणू?"

बाइंडरला हसू आलं. मग प्रवेशाची यादी लागली. यादी त्यानं स्वतः वाचली, अक्षरांखाली बोट धरून, वरपासून खालपर्यंत. नाव शेवटून दुसरं होतं.

घरी आल्यावर आत्यानं विचारलं, "शेवटून दुसरी म्हणजे पहिल्यापासून कितवी?"

"तिकडून मोजायचं नसतं," बाइंडर म्हणाला आणि पेढ्याऐवजी साखरेची चिमूट तिच्या तोंडात घातली.

मग टेबलाची वाटणी झाली. अर्ध्यावर खळ आणि पुठ्ठे, अर्ध्यावर थोरलीची पुस्तकं. दुकान सुटलं की ती कॉलेजात जायची, तिथून आली की टेबलाशी बसायची. तिच्या वह्यांना खळीचे डाग पडायचे आणि बाइंडरच्या पुठ्ठ्यांवर पेन्सिलीनं काढलेले आलेख सापडायचे. पहिल्या सहामाहीत ती संख्याशास्त्रात नापास झाली. "मनाचं शास्त्र आहे तर गणित कशाला मध्ये?" असं आत्या त्या प्राध्यापकांना उद्देशून दोन दिवस बोलत होती. थोरलीनं दुसऱ्या खेपेला तो विषय सोडवला आणि त्यानंतर तिला आकडे आवडायलाच लागले.

वर्गात शिकलेलं सगळं आधी आत्यावर करून बघितलं जायचं. एकदा तिनं शाईचे डाग पडलेला कागद आत्यापुढे धरला.

"यात काय दिसतं?"

"डाग."

"डाग आहेतच गं. त्या डागांत तुला काय दिसतं?"

"निष्काळजीपणा," आत्या म्हणाली.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाची वेळ आली. थोरलीनं विषय घेतला म्हाताऱ्या माणसांचा. काम सुटल्यावर, मुलं पांगल्यावर त्यांच्या मनाचं काय होतं, हा. तिच्या मार्गदर्शक मॅडम हळू आवाजात बोलणाऱ्या, पण शिस्तीच्या. त्यांनी एक छापील प्रश्नावली दिली आणि बजावलं, की प्रश्न आहे तसाच वाचायचा. आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही.

पहिली आत्याच सापडली. ती शेंगा सोलत बसली होती. शेजारी बाइंडर एका शब्दकोशाच्या पाठीला खळ लावत होता.

"गेल्या काही दिवसांत आपणांस औदासीन्य जाणवले काय?" थोरलीनं वाचलं. "कधीच नाही, क्वचित, बरेचदा की सतत?"

"आपणांस म्हणजे कुणाला?"

"तुला."

"औदासीन्य नाही बाई. गुडघे आहेत."

थोरलीनं "कधीच नाही" वर खूण केली. बाकीचे प्रश्नही असेच पार पडले. सगळीकडे कधीच नाही. आत्यासारखी सुखी बाई भूतलावर नसावी. थोरलीनं कागद आवरले आणि उठता उठता, एरवी विचारावं तसं सहज विचारलं, "बाकी करमतं ना गं तुला?"

आत्याचे हात थांबले.

"करमतंय कुठलं," ती म्हणाली. "धाकटी गेल्यापासून दुपार सरता सरत नाही. तू दुकानात. हा खळीत डोकं घालून बसलेला. घड्याळाकडे बघते, परत बघते, काटा आपला तिथंच. करमणं म्हणजे काय गं, घड्याळाची आठवण न होणं. मला सारखी होते."

मग तिनं पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या, जणू काही बोललीच नव्हती. बाइंडरच्या ब्रशावरची खळ सुकून गेली. इतके दिवस दोघं एका खोलीत बसत होती, पण आत्याची खुर्ची भिंतीशी आणि त्याची पाठ तिच्याकडे. दुसऱ्या दिवशी त्यानं ती खुर्ची ओढून टेबलाच्या टोकाला आणली आणि म्हणाला, "इथं बस. दोरा ओवून दे मला. हल्ली सुईचं भोक दिसत नाही."

"चष्मा लाव की. लेक चष्म्याच्या दुकानात आहे," आत्या म्हणाली. पण बसली.

थोरली मात्र करमणं या शब्दाच्या नादीच लागली. ज्या ज्या घरी गेली तिथं आधी छापील प्रश्न विचारायची आणि समोरचा माणूस "दिसतंय, दिसतंय" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासारखा वाटला, की तिच्या तोंडून तो शब्द निघायचा. पुढे पुढे ती कुठे छापील विचारायची, कुठे नुसतंच "करमतं का?" विचारायची. माणसं भडाभडा बोलायची. एक निवृत्त ड्रायव्हर तर रोज सकाळी अंघोळ करून, कपडे करून, गाडीच्या जुन्या किल्ल्यांचा जुडगा खिशात घालून घरातच बसायचा. त्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. छापील कागदावर त्याचंही उत्तर कधीच नाही असंच होतं.

प्रबंध द्यायची तारीख जवळ आली तेव्हा ती सगळे कागद घेऊन मॅडमकडे गेली आणि आपण काय केलं ते सांगितलं. परत आली ती दुकानाच्या किल्ल्या हातात तशाच घेऊन खुर्चीत बसली.

"काय झालं?" बाइंडरनं विचारलं.

"मॅडम म्हणाल्या, काहींना एक प्रश्न विचारलास, काहींना दुसरा. हे सगळं एकत्र मोजता येणार नाही. मोजलं तर ती फसवणूक होईल." ती किल्ल्यांशी चाळा करत राहिली. "चिडल्या नाहीत. खरं सांगितलंस म्हणून बरं झालं म्हणाल्या. पण हे कागद नाही चालायचे."

"मग आता?"

"पुढच्या वर्षी देईन."

त्यातले पहिले दोन शब्द बाइंडरनं याआधी एकदा ऐकले होते. पहिलं वर्ष सोडून पोर घरी आली तेव्हा तिनं असंच म्हटलं होतं, याच आवाजात. ते पुढचं वर्ष कुठे गेलं होतं ते त्याला माहीत होतं. त्यानं सुई खाली ठेवली.

बोलली आत्या. "पण मी म्हणते, त्यात बिघडलं काय? मला तर दोन्ही विचारलंस. मी तक्रार केली का?"

"तुझा प्रश्न नाही गं, आत्या. बाकीच्यांना..." थोरली बोलता बोलता थांबली. किल्ल्यांचा आवाजही थांबला. "तुला दोन्ही विचारले," ती सावकाश म्हणाली. "आधी छापील, मग आपलं. एकाच माणसाला, एकाच क्रमानं."

"तेच म्हणतेय मी मघापासून," आत्या म्हणाली, खरं तर ती तसं काहीच म्हणत नव्हती.

थोरली उठली आणि आल्या पावली परत मॅडमकडे गेली. सगळ्यांना दोन्ही प्रश्न विचारायचे, एकाच क्रमानं, आणि दोन उत्तरांतला फरक हाच प्रबंधाचा विषय करायचा, असं तिनं मांडलं. मॅडमनी सगळे कागद पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, पद्धत बसते. पण सगळ्यांकडे पुन्हा जावं लागेल, सगळ्यांची परवानगी नव्यानं घ्यावी लागेल, आणि तारीख काही बदलणार नाही.

मग त्या घरात जी धावपळ उडाली ती धाकटीच्या लग्नातही उडाली नव्हती. थोरलीनं दुकानातून रजा घेतली. बाइंडर छापखान्यातल्या जुन्या सोबत्यांना गाठून वेळ ठरवायचा आणि तिला घेऊन जायचा. ती आत प्रश्न विचारायची, तो बाहेर पायरीवर बसायचा, म्हणजे समोरच्याला मोकळेपणानं बोलता येईल. आत्यानं स्वयंपाकघर सांभाळलं आणि दोघांना जेवायला उशीर झाला की बोलणीही खायला घातली. धाकटी रोज फोन करून विचारायची, "किती राहिले?"

काम तारखेच्या आत झालं. छापील प्रश्नाला बहुतेकांनी नाही म्हटलं होतं आणि त्यातल्याच निम्म्याहून जास्त लोकांना करमत नव्हतं. थोरलीनं ते आकड्यांत मांडलं, ज्या आकड्यांनी तिला एकदा नापास केलं होतं त्याच आकड्यांत. आणि एका प्रकरणाच्या सुरुवातीला आत्याचं ते बोलणं जसंच्या तसं घातलं. खाली लिहिलं: "एक ज्येष्ठ सहभागी".

तिनं ते पान आत्याला वाचून दाखवलं.

"ज्येष्ठ कोण?"

"तू."

"आणि सहभागी?"

"तीही तूच."

"मग माझं नाव कुठाय?"

"नाव घालायचं नसतं. नियम आहे तसा. कुणी सांगितलं ते कळू द्यायचं नाही."

"चांगला नियम आहे," आत्या म्हणाली. "बोलायचं मी आणि नाव त्या ज्येष्ठाचं."

प्रबंध बांधायला बाहेर द्यायचा प्रश्नच नव्हता. छापून आलेले चार गठ्ठे बाइंडरच्या टेबलावर आले. तीन कॉलेजसाठी, एक घरासाठी. त्यानं टेबल पुसलं, खळ ताजी शिजवली, गडद निळं कापड कापलं. सुटी पानं थोडी थोडी घेऊन शिवायची, मग सगळे भाग एकत्र ओवायचे, हे काम तो झोपेतही करू शकला असता. तीन प्रती त्यानं न थांबता शिवल्या.

चौथ्या प्रतीला त्याचा हात मंदावला. ही घरची होती. त्यानं पानं वाचायला घेतली. कितीतरी शब्द त्याला लागत नव्हते, पण लेकीनं लिहिलेत म्हणून ते सोडवत नव्हते. आत्याचं पान आलं. ते त्यानं दोनदा वाचलं. तेवढा भाग बाजूला काढून ठेवला, म्हणजे संध्याकाळी पुन्हा बघता येईल. मग उरलेल्या पानांकडे वळला आणि आत्यानं ओवून दिलेला दोरा घेऊन शिवत गेला.

कापड चढलं. सोनेरी अक्षरं दाबायची वेळ आली तेव्हा त्यानं थोरलीला हाक मारली नाही. खिळे एकेक करून स्वतः जुळवले, या वेळी समोर नमुना न ठेवता. वर प्रबंधाचं नाव: औदासीन्य आणि न करमणे. खाली लेकीचं. चारही प्रतींवर ते नाव त्यानं सारख्याच जोरानं दाबलं आणि दरवेळी दाब उचलताना श्वास रोखून धरला. अक्षरं लख्ख उमटली.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं घरची प्रत उघडली आणि थबकली.

"बाबा, हे पहिलं पान नाही."

त्यानं वाकून पाहिलं. आत्याचं पान सगळ्यांच्या आधी होतं, प्रस्तावनेच्याही आधी. बाजूला काढलेला तो भाग उचलताना त्यानं सगळ्यात वर ठेवला होता आणि तसाच शिवला होता. बाइंडरचा चेहरा उतरला. वाचता येत नव्हतं तेवढी वर्षं त्यानं कधी एक पान इकडचं तिकडं होऊ दिलं नव्हतं, आणि वाचता यायला लागल्यावर, स्वतःच्या लेकीच्या प्रबंधात ही चूक.

"दे इकडे, उसवतो," तो म्हणाला.

"काय झालं?" आत्यानं विचारलं. थोरलीनं सांगितलं.

"म्हणजे पुस्तक उघडलं, की आधी मी?"

"हो."

"खबरदार उसवलंस तर," आत्या भावाला म्हणाली. "कॉलेजात असतील त्यांचे नियम. ही घरची प्रत आहे."

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून एक वयस्क परीक्षक आले होते. त्यांनी सगळं उलटसुलट विचारलं. आकडे कसे काढले, हीच चाचणी का वापरली. थोरली उत्तरं देत गेली, एका ठिकाणी अडली, तसं सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "हे करमणे म्हणजे नेमकं काय? व्याख्या द्या." थोरलीनं आत्याचं वाक्य सांगितलं. परीक्षकांनी नकळत आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग हसले. "पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय," ते म्हणाले. "लक्षात ठेवीन."

ती पहिल्या वर्गात पास झाली.

पदवीदानाला सगळे गेले. धाकटी नवऱ्याला घेऊन आली. आत्यानं चाकाच्या खुर्चीत बसायला आधी नकार दिला आणि एकदा बसल्यावर उठायला नकार दिला. थोरलीचं नाव पुकारलं, ती काळ्या झग्यात मंचावर चढली, तेव्हा बाइंडरला टाळ्या वाजवायचं भानच राहिलं नाही. कापडावर उमटवलेलं नाव आता मोठ्या आवाजात अख्ख्या सभागृहातून फिरत होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी आत्याला विचारलं, "तुमची कोण ती?"

"भाची," आत्या म्हणाली. "मानसशास्त्रात एम.ए. झाली. तिच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी आहे."

थोरलीनं चष्म्याचं दुकान सोडलं आणि एका दवाखान्यात समुपदेशक म्हणून कामाला लागली. म्हातारं माणूस आलं, की ती छापील प्रश्न विचारते, आणि मग दुसरा. बाइंडर अजून टेबलाशी बसतो. टेबलाच्या टोकाची खुर्ची त्यानं हलवलेली नाही. सुईत दोरा आता तो स्वतः ओवतो, चष्मा लावून.

आत्या पदवीदानानंतरच्या हिवाळ्यात, धाकटीला मुलगी झाली त्याच महिन्यात, दुपारी त्या खुर्चीत बसल्या बसल्या वारली.